आरमार आणि संकटकाळ : प्रस्तावना

ज्या भाषेत ‘आज्ञापत्रा’सारखा राजनीतिग्रंथ लिहिला गेला, आणि त्या ग्रंथात रामचंद्रपंत अमात्यांनी आरमाराला राज्याचे स्वतंत्र अंग मानून त्याचा सविस्तर विचार केला, त्या भाषेत अर्वाचीन आरमाराविषयीचे विवेचक वाङ्मय इतके अल्प असावे, ही गोष्ट माझ्या मनाला दीर्घकाळ लागून राहिलेली आहे. गड, घाट, खिंडी आणि मैदाने यांवर आपण ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले. कान्होजी आंग्रे यांचे दस्तक जवळ नसता कोकणच्या समुद्रातून गलबत नेणे परकीय व्यापाऱ्यांना किती जड जात असे, आणि १७२१ साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्या संयुक्त मोहिमेला कुलाब्यापुढून कसे विन्मुख परतावे लागले, हेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु युद्ध आणि शांतता यांच्या मधल्या काळात आरमार नेमके काय करते, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारला आहे.

गेट वे ऑफ इंडियापासून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमधून नौदलाच्या गोदीत उभ्या असलेल्या करड्या रंगाच्या नौका हजारो माणसे नित्य पाहतात, आणि या नौकांचे काम युद्धाचे, युद्ध तर पिढीतून एखाद्या वेळी होते, तेव्हा उरलेला काळ त्यांना केवळ सज्ज राहण्यावाचून दुसरा उद्योग नसावा, असा समज त्यांतील पुष्कळांचा असतो. प्रस्तुत ग्रंथाचा विषय हा ‘उरलेला काळ’ आहे. ग्रंथकारांनी गेल्या साठ-पासष्ट वर्षांतील अनेक संकटप्रसंग निवडून, त्या त्या वेळी कोणती नौका कोठे होती, ती तेथे कोणाच्या हुकमाने गेली आणि तिच्या असण्याने घटनांचा ओघ कितपत बदलला, याचा शोध घेतला आहे. माझे काम त्या शोधाची पार्श्वभूमी सिद्ध करण्यापुरते आहे.

प्रथम एक कायद्याची बाब स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढील सर्व विवेचनाचा पाया तीच आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचे पाणी त्या त्या राज्याच्या सार्वभौमत्वाखाली येते. त्यापलीकडे काही आर्थिक हक्क असले, तरी संचाराचे स्वातंत्र्य सर्वांना आहे, आणि १९८२ च्या सागरी कायद्याच्या आंतरराष्ट्रीय करारानेही ते मान्य केले आहे. भूसेनेने परक्या मुलखाची सरहद्द ओलांडली की ते आक्रमण ठरते. लष्करी विमानाला दुसऱ्याच्या आकाशातून जाण्यासाठी परवानगी मागावी लागते. परंतु युद्धनौका मात्र त्या बारा मैलांच्या बाहेर, कोणाची अनुज्ञा न मागता, आठवडेच्या आठवडे उभी राहू शकते. आपण दिसावे की दिसू नये हे ठरवू शकते. काही पावले पुढे येऊ शकते आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणाचाही मानभंग न होता निघूनही जाऊ शकते. राज्यकर्त्याच्या हाती असलेल्या साधनांपैकी इतके लवचीक दुसरे साधन नाही. संकटकाळात नौकेचे मूल्य तिच्या तोफांपेक्षा तिच्या उपस्थितीत अधिक असते, हे माझे मत आहे, आणि या ग्रंथातील प्रकरणे वाचताना ते दृढच होत गेले. मात्र उपस्थिती ही आपोआप लाभणारी वस्तू नव्हे. योग्य स्थळी, योग्य वेळी आणि पुरेशा सामर्थ्यानिशी उभे राहता आले तरच तिला अर्थ येतो, आणि त्यामागे वर्षानुवर्षांचे निरलस परिश्रम असतात.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. आपली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ही मूळची ब्रिटिश ‘हर्क्युलिस’. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत तिची बांधणी सुरू झाली आणि युद्ध संपताच अर्धवट राहिली. ती १९५७ मध्ये भारताने घेतली, बेलफास्टच्या गोदीत पूर्ण करविली, आणि ४ मार्च १९६१ रोजी विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती भारतीय नौदलात दाखल झाली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ती मुंबईस पोहोचली आणि दीड महिन्याच्या आतच गोवामुक्तीच्या मोहिमेत तिला पश्चिम समुद्रात उभे राहावे लागले. प्रत्यक्ष चकमकी झाल्या त्या अंजदीव बेटावर आणि मुरगावच्या बंदरात. ‘विक्रांत’ला एकही प्रहार करावा लागला नाही. बाहेरच्या कोणी या प्रकरणात हस्तक्षेप करू नये, एवढ्यासाठी ती तेथे होती, आणि कोणी केलाही नाही.

१९७१ चा प्रसंग मात्र याहून पुष्कळ बिकट होता, आणि त्याच्यापाशी थोडे रेंगाळणे मला आवश्यक वाटते. त्या वर्षी ‘विक्रांत’च्या चार बॉयलरांपैकी एकाला तडे गेलेले होते. विमानवाहू नौकेत वाफ ही दुहेरी कामाची असते: तिच्यावर नौका चालते आणि तिच्यावरच विमानाला तक्त्यावरून भिरकावणारे कॅटापल्ट चालते. विमान उडायचे तर नौकेचा वेग आणि समोरून येणारा वारा यांची बेरीज ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचली पाहिजे. नौका मंदावली आणि वाराही पडलेला असला, तर अलीझेसारखे जड विमान तक्त्यावरच अडकून पडते. अशा स्थितीत नौका गोदीतच ठेवावी, असे म्हणणाऱ्यांची बाजू दुबळी नव्हती. एखादी विमानवाहू नौका शत्रूच्या पाणबुडीने बुडविली, तर त्या आघाताने सबंध राष्ट्राचे धैर्य खचते. नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांनी हा धोका पूर्णपणे ओळखून नौका बाहेर काढण्याचा निर्णय घेतला. परंतु तिला कराचीसमोरच्या अरबी समुद्रात न ठेवता बंगालच्या उपसागरात धाडले, जेथे शत्रूचे हवाई बळ थोडे होते आणि पूर्व पाकिस्तानची बंदरे तिच्या टप्प्यात होती. ज्या कराचीवर त्यांच्या क्षेपणास्त्र नौकांनी हल्ला चढविला, त्याच कराचीच्या मनोरा बेटावर नंदांचे बालपण गेले होते, ही इतिहासाने घडविलेली विलक्षण गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते.

पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी पुढे जे केले, ते आरमारी चातुर्याचा नमुना म्हणून अभ्यासण्याजोगे आहे. ‘विक्रांत’ अंदमानच्या एका निर्जन उपसागरात दडविण्यात आली, आणि ती विशाखापट्टणमच्या आसपासच आहे असा आभास शत्रूच्या मनात निर्माण व्हावा म्हणून ‘राजपूत’ या जुन्या विनाशिकेला तिचे सोंग देऊन संदेशांची पेरणी करण्यात आली. ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी ‘विक्रांत’च्या शोधात विशाखापट्टणमपाशी आली आणि ३ व ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री तेथेच बुडाली. ती कशाने बुडाली याविषयी उभय देशांत आजही मतभेद आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच, की ती जिला शोधीत होती ती नौका तेथून शेकडो मैल दूर होती. ४ डिसेंबरच्या सकाळी ‘सी हॉक’ विमानांनी कॉक्स बाजारवर आणि दुपारी चितगाववर हल्ले केले. पुढच्या दिवसांत खुलना, मंगला ही ठिकाणेही त्यांच्या माऱ्याखाली आली, आणि समुद्रमार्गे कुमक येण्याची किंवा सैन्य निसटण्याची वाट बंद झाली. १६ डिसेंबरला ढाक्याच्या रमणा मैदानावर शरणागतीच्या कागदावर सह्या झाल्या, त्या वेळच्या सुप्रसिद्ध छायाचित्रात जनरल अरोरा यांच्या मागे कृष्णन उभे दिसतात. त्या युद्धाचे श्रेय वाटताना भूसेनेचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते उचितच आहे; तथापि ढाक्याच्या पाठीमागचा समुद्र ज्यांनी बंद केला, त्यांचे स्मरण आपल्याकडे फारच पुसट आहे. पश्चिमेकडील हानीचेही तसेच. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ‘खुकरी’ ही फ्रिगेट पाणबुडीच्या पाणतीराने बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जणांना जलसमाधी मिळाली. दीव येथे त्यांचे स्मारक आहे, आणि तेथे जाणाऱ्या प्रत्येक मराठी प्रवाशाने क्षणभर तरी तेथे थांबावे, अशी माझी इच्छा आहे.

त्याच दिवसांत त्याच उपसागरात दुसरीही एक विमानवाहू नौका शिरली होती. अमेरिकेची अणुशक्तीवर चालणारी ‘एंटरप्राइज’ ही आकारमानाने ‘विक्रांत’च्या चौपटीहून मोठी. व्हिएतनामच्या किनाऱ्याकडून निघालेले तिचे पथक डिसेंबरच्या मध्याला मलाक्काच्या सामुद्रधुनीतून बंगालच्या उपसागरात आले. अडकलेल्या अमेरिकन नागरिकांची सुटका हे कारण पुढे करण्यात आले होते. पण त्यांतील बहुतेकांना आधीच विमानाने हलविलेले होते. या आगमनाने दिल्लीत चिंता उत्पन्न झाली, मॉस्कोने व्लादिवोस्तोकहून आपल्या नौका पाठविल्या, आणि तरीही ढाक्यातील घटना आपल्याच गतीने पुऱ्या झाल्या. एवढे प्रचंड सामर्थ्य निष्फळ का ठरावे? माझ्या मते त्याचे उत्तर असे, की ती नौका उशिरा आली, आणि तिने नेमके काय करावे याविषयी तिला धाडणाऱ्यांच्याच मनात निश्चय नव्हता. शिवाय भारतीय नेतृत्वाने तिचे येणे पाहूनही आपली दिशा बदलली नाही. एक बॉयलर निकामी असलेली लहान नौका स्पष्ट हेतूने ठरल्या जागी उभी होती, म्हणून तिने काम केले. या दोन नौकांचे हे सान्निध्य ग्रंथकारांनी ज्या प्रकरणात रेखाटले आहे, ते मला या ग्रंथातील सर्वोत्तम वाटते.

मुंबईकरांच्या दीर्घ परिचयाची दुसरी विमानवाहू नौका म्हणजे ‘विराट’. १९८७ ते २०१७ पर्यंत तिने आपल्या नौदलात सेवा केली. परंतु तिच्या आयुष्यातील सर्वांत कठोर परीक्षा त्यापूर्वीच, ‘हर्मीस’ या नावाने, दक्षिण अटलांटिकमध्ये झाली होती. २ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने फॉकलंड बेटांचा ताबा घेतला, आणि तिसऱ्याच दिवशी ‘हर्मीस’ व ‘इन्व्हिन्सिबल’ पोर्ट्‌स्मथहून निघाल्या. स्वदेशापासून सुमारे आठ हजार मैलांवर, जवळ विमानतळ नाही, अशा ठिकाणी ब्रिटनला विमाने न्यायची होती आणि त्यासाठी या दोन नौकांवाचून दुसरा उपाय नव्हता. ही गोष्ट त्यांचे नेतृत्व करणाऱ्या ॲडमिरल वुडवर्ड यांनी इतकी मनावर घेतली, की त्यांनी आपल्या विमानवाहू नौका बेटांच्या पूर्वेला पुष्कळ दूर ठेवल्या, आणि किनाऱ्यावरील सैनिकांनी त्याबद्दल कुरकूरही केली. परंतु एक विमानवाहू नौका गमावणे म्हणजे सबंध मोहीम गमावणे होते. दुसऱ्या बाजूला, ‘बेल्ग्रानो’ ही क्रूझर ब्रिटिश पाणबुडीने २ मे रोजी बुडविल्यावर अर्जेंटिनाची स्वतःची विमानवाहू नौका किनाऱ्याकडे परतली आणि पुन्हा बाहेर आली नाही. म्हणजे एका पाणबुडीने तिला स्पर्शही न करता खेळातून बाद केले. ४ मे रोजी एक्झोसेट क्षेपणास्त्राने ‘शेफील्ड’ पेटली. २५ मे रोजी ‘अटलांटिक कन्व्हेयर’ हे मालवाहू जहाज तशाच क्षेपणास्त्राला बळी पडले आणि त्याच्यासोबत तीन चिनूक हेलिकॉप्टरेही गेली. परिणामी सैनिकांना पाठीवर ओझी घेऊन चिखलातून आणि थंडीतून बेटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायी जावे लागले. साध्या मालवाहू जहाजाचा नाश एवढा महाग पडू शकतो, हे रसदीकडे दुर्लक्ष करणाऱ्या प्रत्येक राज्यकर्त्याने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

युद्धाचे प्रसंग येथे सोडून मी आता ज्या कार्याकडे वळतो, ते वर्तमानपत्रांत दोन दिवस झळकते आणि विस्मृतीत जाते: संकटात सापडलेल्या माणसांना समुद्रमार्गे बाहेर काढण्याचे कार्य. या संदर्भात एका नौकेचा वृत्तांत मला फार बोलका वाटतो. जानेवारी १९९१ मध्ये, सगळ्या जगाचे लक्ष कुवेतकडे लागले असता, सोमालियाची राजधानी मोगादिशू यादवीत कोसळली, आणि तेथील अमेरिकन वकिलातीत आश्रय घेतलेल्या अनेक देशांच्या लोकांना सोडविण्यासाठी ‘ग्वाम’ व ‘ट्रेंटन’ या दोन नौका निघाल्या. परिस्थिती इतकी झपाट्याने बिघडली, की नौका साडेचारशेहून अधिक मैल दूर असतानाच पहिली हेलिकॉप्टरे उडवावी लागली आणि त्यांना वाटेत आकाशातच इंधन देण्यात आले. पंधरा वर्षांनी, २००६ च्या जुलैत, हीच ‘ट्रेंटन’ बैरूतहून अमेरिकन नागरिकांना हलवीत होती. पुढच्याच वर्षी ती भारताने घेतली, तिचे नाव ‘जलाश्व’ झाले. आणि मे २०२० मध्ये, महासाथीने विमाने बंद पडलेली असताना, तिने मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ भारतीयांना माले येथून कोचीला आणले. ध्वज बदलला, नाव बदलले, खलाशी बदलले. पण सैन्य उतरविण्यासाठी बांधलेला तिचा प्रशस्त उदरभाग तिन्ही वेळा निराश्रितांच्या उपयोगी पडला.

२००६ च्या त्याच बैरूतच्या प्रसंगात आपल्या ‘मुंबई’, ‘बेटवा’, ‘ब्रह्मपुत्रा’ आणि ‘शक्ती’ या नौका भूमध्य समुद्रातील भेटी आटोपून मायदेशी परतत होत्या. त्यांना मागे वळविण्यात आले, आणि भारतीयांसह श्रीलंका व नेपाळ येथील नागरिकांनाही, एकंदर सुमारे तेवीसशे माणसांना, त्यांनी सायप्रसपर्यंत सुखरूप पोहोचविले. यांतील ‘शक्ती’ ही तेलवाहू नौका. तिचे नाव अशा वृत्तांतांत सर्वांत शेवटी येते, पण ती सोबत नसती तर बाकीच्या तिघींना इतके दिवस त्या पाण्यात थांबणे दुर्घट झाले असते. २०१५ मध्ये येमेनमध्ये याहून मोठे काम झाले. एडनवर तोफगोळे पडत असल्यामुळे ‘मुंबई’ला बंदरात शिरता येईना, तेव्हा लहान होड्यांतून माणसे बाहेर उभ्या असलेल्या नौकेपर्यंत आणण्यात आली. नौका आणि विमाने यांनी मिळून चार हजारांहून अधिक भारतीयांची, आणि नऊशेंहून अधिक परकीयांची सुटका केली. २००४ च्या त्सुनामीनंतर नकाशे करणाऱ्या ‘जमुना’ व ‘निरूपक’ या सर्वेक्षण नौकांची रुग्णालये करून त्यांना श्रीलंका व इंडोनेशियाकडे धाडण्यात आले होते, आणि आचेच्या किनाऱ्यासमोर अमेरिकेच्या ‘अब्राहम लिंकन’वरील हेलिकॉप्टरे अन्नपाणी पोहोचवीत होती. रस्ते वाहून गेलेल्या त्या मुलखात तो मोठाच आधार होता.

घराजवळचा प्रसंग सांगायचा तर मे २०२१ चा आहे. ताउते चक्रीवादळात मुंबईच्या पश्चिमेस तेलक्षेत्रापाशी ‘पी-३०५’ ही कामगारांच्या निवासाची बार्ज नांगर तुटून वाहवत गेली आणि बुडाली. तीवर २६१ माणसे होती. ‘कोची’ आणि ‘कोलकाता’ या विनाशिका त्या खवळलेल्या समुद्रात गेल्या, आणि रात्रीच्या अंधारात, डोंगराएवढ्या लाटांत, पाण्यात तरंगणाऱ्या माणसांना एकेक करून वर घेण्यात आले. १८६ जण वाचले. उरलेल्यांचे काय झाले, हे सांगताना ग्रंथकारांनी वादळाची सूचना आगाऊ मिळालेली असता ती बार्ज समुद्रात का राहिली, हा प्रश्न उपस्थित केला आहे, आणि तो मलाही अनुत्तरित सोडवत नाही. नौदलाचे शौर्य हे दुसऱ्या कोणाच्या हलगर्जीपणावरचे पांघरूण होऊ नये.

विमानवाहू नौकांचा काळ आता संपला काय, हा वाद सर्वत्र चालू आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ सेवेत आली, आणि त्याच समारंभात शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून प्रेरणा घेतलेले अष्टकोनी चिन्ह असलेला नवा नौदलध्वज स्वीकारण्यात आला, याचा आनंद मराठी मनाला झाल्यावाचून राहिला नाही. पण आनंदाने हिशेब चुकत नाहीत. एक मोठी नौका दुरुस्तीत, दुसरी सरावात, तेव्हा तिसरी कामगिरीवर, असा जगभरच्या आरमारांचा अनुभव आहे. आणि दोनच असल्या की ऐन वेळी हाती एक तरी असेल याची शाश्वती राहत नाही. उलट पक्षी, तिसरीवर जाणारा पैसा पाणबुड्यांवर खर्च करावा, असे म्हणणाऱ्यांच्या हाती ‘बेल्ग्रानो’चा दाखला आहे. तांबड्या समुद्रात २०२३ च्या अखेरीपासून हूथींनी स्वस्त ड्रोन आणि क्षेपणास्त्रे व्यापारी जहाजांवर सोडली, तेव्हा अमेरिकेची ‘आयझेनहॉवर’ तेथे महिनोन्‌महिने लढत राहिली, तिला इजा झाली नाही. तथापि अनेक व्यापारी जहाजे आफ्रिकेला वळसा घालूनच जाऊ लागली. संरक्षण झाले, पण विश्वास परत आला नाही. माझा स्वतःचा कल असा, की हिंद महासागरासारख्या विस्तीर्ण समुद्रात, जेथे आपले तळ तुरळक आहेत, तेथे तरंगता विमानतळ अद्याप अनिवार्य आहे. मात्र पाणबुड्या, तेलवाहू नौका आणि गोदीतील कुशल कारागीर यांच्या वाट्याचे काढून तो उभा करू नये.

शेवटचे प्रकरण कायद्याचे आहे, आणि वाचकांनी ते रूक्ष समजून वगळू नये. डिसेंबर २०२३ मध्ये सोमाली चाच्यांनी ‘रुएन’ नावाचे मालवाहू जहाज पळविले. मार्च २०२४ मध्ये ‘कोलकाता’ने ते भारतीय किनाऱ्यापासून सुमारे २६०० किलोमीटरवर गाठले, चाळीस तास त्याचा पिच्छा सोडला नाही, आणि वायुदलाच्या विमानातून नौदलाचे कमांडो समुद्रात उतरविण्यात आले. १७ खलाशी सुखरूप सुटले, ३५ चाचे शरण आले. पूर्वी असे चाचे हाती लागले, की त्यांच्यावर कोणत्या कलमाखाली आणि कोणत्या अधिकारक्षेत्रात खटला चालवावा, हे ठरविण्यातच न्यायालयांचा काळ जाई, आणि काही देशांची आरमारे तर त्यांना निःशस्त्र करून सोडून देत. सागरी चाचेगिरीविरोधी कायदा २०२२ हा आपल्याकडे अमलात आल्यामुळे ती अडचण बरीचशी दूर झाली आहे. २३ मार्च रोजी ‘कोलकाता’ मुंबईस परतली, आणि ते पस्तीस जण त्या कायद्यानुसार पुढील कारवाईसाठी मुंबई पोलिसांच्या स्वाधीन करण्यात आले.